कार्यालय बंद पडले तरी वीस तारीख पुढे सरकत नाही

फोंड्याच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

«मी आणि माझे काका (वय ७१) सनदी लेखापाल असून फोंड्यात भागीदारीत कार्यालय चालवतो. आमच्याकडे ११ माणसे आहेत. कोणी शिरोड्याहून, कोणी उसगावहून येतात, एक जण वाळपईचा आहे, दोघी मडगावहून बोरी पुलावरून येतात. गेल्या जुलैत १९ तारखेला रात्रभर पाऊस कोसळला, कार्यालयामागचा माड विजेच्या तारांवर पडला आणि दोन दिवस वीज नव्हती. वीस तारखेला, म्हणजे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी, अकरापैकी तिघेच पोचू शकले. आठ ग्राहकांची जीएसटी विवरणपत्रे मुदतीत गेली नाहीत. विलंब शुल्क आम्ही खिशातून भरले, पण दोन जुने ग्राहक दुखावले गेले. आता सगळ्यांना लॅपटॉप घेऊन देऊन घरून काम करण्याची सोय करावी असे मला वाटते. काकांचे म्हणणे, समोर माणूस नसला की काम होत नाही, आणि वर्षातल्या दोन दिवसांसाठी एवढा खर्च कशाला? मी काय करावे?»

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या दिवशी तीन माणसे कार्यालयात हजर होती. जाणत्या तीन माणसांना एका दिवसात आठ विवरणपत्रे भरणे अवघड नाही. तरीही ती राहिली, याचा अर्थ तुमचे काम माणसे न पोचल्यामुळे अडले नव्हते. काम ज्या वस्तूंवर अवलंबून होते त्या सगळ्या एकाच अंधाऱ्या खोलीत होत्या, म्हणून ते अडले. अकरा लॅपटॉप घेऊन दिले असते तरी त्या दिवशी फार फरक पडला नसता. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की लॅपटॉपची खरेदी एक महिना पुढे ढकला आणि आधी त्या खोलीत नेमके काय काय अडकले होते ते शोधा.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. २२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा मी पणजीतल्या एका लेखा कार्यालयाचे प्रशासन पाहत होते. आमच्याकडे लॅपटॉप होते, बहुतेकांच्या घरी इंटरनेटही होते. पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली माहिती कार्यालयातल्या कपाटाशेजारच्या संगणकावर होती, तिची प्रत ज्या पेन ड्राइव्हवर घेतली जाई तो त्याच संगणकाखालच्या खणात होता, आणि ग्राहकांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांचे टोकन, म्हणजे संगणकाला जोडायची पेन ड्राइव्हसारखी वस्तू, एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. प्रत्येक टोकनला औषधाच्या दुकानात मिळते तसली चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलेले होते, आणि काहींवर नावाखाली पिनही लिहिलेला होता. तो डबा घरी आणण्यासाठी परवानगी मिळवताना आमचे किती दिवस गेले, ते आठवले की आजही मला अस्वस्थ वाटते.

पुढच्या वर्षी, १६ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले आणि अगदी उलटा प्रकार झाला. झाडे तारांवर पडून ठिकठिकाणी वीज गेली, काही भागांत ती यायला कित्येक दिवस लागले, आणि वर्षभर घरून सुरळीत काम करणारी माणसे घरीच अडकून पडली. २०२० मध्ये रस्ता बंद आणि वीज चालू होती. २०२१ मध्ये वीजच गेली. ज्यांना आणखी जुने आठवते त्यांना ५ जुलै १९८६ चा दिवस ठाऊक असेल. त्या दिवशी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि नवा पूल १९९२ मध्ये होईपर्यंत बार्देशातून पणजीला कामावर येणाऱ्यांना फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. संकट प्रत्येक वेळी वेगळ्या दाराने येते. त्यामुळे «घरून काम» हे एकच उत्तर पुरत नाही. एक जागा बंद पडली तर दुसरीकडून काम होईल, आणि एक माणूस अडकला तर दुसरा ते उचलेल, अशी मांडणी करावी लागते.

ही मांडणी करण्याची सोपी रीत सांगते. एका शनिवारी दुपारी एका ग्राहकाचे एकच विवरणपत्र घ्या आणि ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत कोणाकोणाच्या हातून जाते ते वहीत लिहा. ग्राहक बिलांची फाइल कोणाकडे देतो, टॅलीत नोंदी कोण करते, ११ तारखेचे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र कोण भरते, १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर तयार होणाऱ्या २-बी या खरेदीवरील कराच्या तक्त्याशी खरेदी कोण जुळवते, कराची रक्कम काका कुठे आणि कशी तपासतात, चलन कोण काढते, शेवटी ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो. प्रत्येक पायरीपुढे दोन प्रश्न लिहा: ही वस्तू फोंड्याच्या कार्यालयाबाहेर कुठे आहे? आणि हे काम करणारा दुसरा माणूस कोण? ज्या ओळींपुढे दोन्ही जागा कोऱ्या राहतील, तिथे तुमची वीस तारीख पुन्हा अडकणार आहे. माझ्या अनुभवात अशा ओळी चार-पाचच्या वर क्वचितच निघतात, पण त्यांतली प्रत्येक पूर्ण काम थांबवायला पुरेशी असते.

त्या ओळींपैकी स्वाक्षरीची ओळ तुमच्याकडे नक्की निघेल, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते. जीएसटीमध्ये कंपन्या आणि मर्यादित दायित्व भागीदारी संस्था यांना विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी करावी लागते. मालकी व्यवसाय आणि साध्या भागीदारी संस्था मात्र मोबाइल व ईमेलवर येणाऱ्या ओटीपीने काम भागवू शकतात. टाळेबंदीच्या काळात कंपन्यांनाही काही काळ ओटीपीची मुभा दिली गेली होती, पण तशी मुभा प्रत्येक पावसाळ्यात मिळेल असे समजून चालता येणार नाही. ग्राहकांचे टोकन लेखापालाच्या खणात ठेवण्याची प्रथा आपल्याकडे सर्रास आहे. ती सोयीची वाटते, पण स्वाक्षरी ज्याच्या नावाची आहे त्यानेच तिचा ताबा सांभाळावा अशी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची अपेक्षा आहे. शिवाय आपत्तीच्या दिवशी बंद खोलीतल्या त्या खणाचा तुम्हालाही उपयोग नाही आणि ग्राहकालाही नाही. म्हणून टोकन ज्याचे त्याला पोच घेऊन परत करा. ग्राहकाने आपल्याच संगणकावरून स्वाक्षरी कशी करायची ते त्याला एकदा शेजारी बसून दाखवा. अर्धा तास जाईल, पण पुढे प्रत्येक वेळी तेवढा वेळ वाचेल. जे ग्राहक ओटीपीवर चालतात, त्यांचा नोंदवलेला मोबाइल क्रमांक आज खरोखर कोणाच्या हातात आहे तेही तपासून घ्या. नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाचा क्रमांक वर्षानुवर्षे तसाच राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे.

तुमच्या स्वतःच्या कार्यालयाबाबतही हेच लागू होते. लेखापरीक्षणाचे अहवाल आणि प्रमाणपत्रे काकांच्याच स्वाक्षरीने जात असतील, त्यांवरचा युडीआयएन हा ओळख क्रमांक त्यांच्याच लॉगिनमधून काढला जात असेल, तर काका शिरोड्याच्या रस्त्यावर अडकले की सगळे कार्यालय अडकते. तुम्ही स्वतः सनदी लेखापाल आहात. काही ग्राहकांचे काम आजपासून तुमच्या स्वाक्षरीने जाऊ द्या, आणि तुम्ही दोघांनीही आपापले टोकन रोज संध्याकाळी खिशात घालून घरी न्या. काकांचा पिन तुम्ही लक्षात ठेवणे हा यावरचा उपाय नाही. त्या पिनवर उद्या काही चुकीचे गेले तर उत्तर काकांना द्यावे लागेल, आणि घरातल्या माणसावर तशी वेळ आणणे योग्य नाही.

आता माहितीविषयी. अनेक कार्यालये घरून काम करण्यासाठी असे करतात, की कार्यालयातला संगणक चालू ठेवायचा आणि घरच्या लॅपटॉपवरून त्याला दुरून जोडून घ्यायचे. रस्ता बंद असेल तेव्हा ही सोय उत्तम चालते. परंतु तुमच्यावर आलेल्या प्रसंगात वीजच नव्हती. संगणक बंद असेल तर त्याला जोडणार कशाने? कार्यालयातला इन्व्हर्टर काही तास पुरेल, दोन दिवस पुरणार नाही. म्हणून चालू कामाची माहिती तरी कार्यालयाबाहेर, भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड सर्व्हरवर ठेवावी, किंवा निदान रोज संध्याकाळी तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या गावातल्या भागीदाराच्या लॅपटॉपवर जावी, असे मी आग्रहाने सुचवेन. टॅलीचा परवाना एका संगणकावर सक्रिय केलेला असतो. तो संगणकच बंद पडला तर परवाना दुसरीकडे कसा आणायचा, हे पुरवठादाराला पावसाळ्याआधी विचारून लिहून ठेवा. दुरून जोडण्याची सोय करायचीच असेल तर ती व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी वाटेने, आणि दुहेरी पडताळणी लावून करा. कार्यालयातल्या संगणकाचे दार इंटरनेटवर थेट उघडे ठेवले की खंडणी मागणारे संगणक-विषाणू त्याच वाटेने आत येतात.

प्रत घेणे ही केवळ शिस्तीची गोष्ट नाही, तो नियमच आहे. जीएसटीच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची अशी प्रत ठेवावी लागते, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी काळात पुन्हा उभ्या करता याव्यात. कंपन्यांच्या हिशेबवह्यांची प्रत तर २०२२ च्या दुरुस्तीपासून भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. पण घेतलेली प्रत उघडते की नाही हे कोण पाहते? आमच्या कार्यालयात मे महिन्यात एकदा मी प्रत उघडून पाहायला सांगितली. फाइल उघडली, ग्राहकांची नावे दिसली, सगळ्यांना हायसे वाटले. मग शेवटची नोंद पाहिली तर ती ऑक्टोबरची निघाली. रोज प्रत घेणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि ते काम दुसऱ्या कोणाला नेमून दिलेच नव्हते. चूक तिची नव्हती, आमची होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा दुसऱ्याच संगणकावर प्रत उघडायची, शेवटच्या नोंदीची तारीख वाचायची आणि वहीत सही करायची, असा आमचा नेम ठरला. तुम्हीही तो ठेवा.

कागदाबद्दल थोडेच सांगते, कारण गोव्यात पावसाळ्यात कागदाचे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. चालू वर्षाची बिले आली की लगेच स्कॅन करा, आणि जमिनीवरच्या फाइली आजच उचलून वरच्या फळीवर ठेवा.

विजेचा विचार मात्र शांतपणे करा. तुमची माणसे शिरोडा, उसगाव, वाळपई आणि मडगाव अशा चार दिशांना राहतात. रोज सकाळी हाजिरीच्या वेळी ही अडचण वाटत असेल, पण आपत्तीत तीच तुमची मोठी जमेची बाजू आहे, कारण फोंड्यात वीज गेली म्हणून मडगावला जातेच असे नाही. प्रत्येकाला बोलावून विचारा: घरी कोणत्या कंपनीची रेंज मिळते, फायबर आहे का, इन्व्हर्टर आहे का, बसायला शांत जागा आहे का? अकराच्या अकरा जणांना सज्ज करण्याची गरज नाही. निरनिराळ्या गावांतली चार किंवा पाच माणसे निवडा, त्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असतील असे पाहा, आणि लॅपटॉप त्यांनाच द्या. डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, कारण त्याला स्वतःची बॅटरी असते. आणि घरचा राउटर साधारण १२ वॉटच्या आसपासच वीज घेत असल्याने त्याला जोडायची छोटी यूपीएस फार खर्चाची नसते, तरी ती काही तास इंटरनेट चालू ठेवते. काकांच्या खर्चाच्या आक्षेपाला हे अर्धे उत्तर आहे. उरलेले अर्धे त्यांच्याच वहीत सापडेल. आठ विवरणपत्रांवर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज आणि दुखावलेल्या दोन ग्राहकांची वर्षाची फी यांची बेरीज करून ती लॅपटॉपांच्या किमतीशेजारी लिहा आणि कागद काकांसमोर ठेवा. सनदी लेखापालाला आकड्यांशी वाद घालावासा वाटत नाही.

ज्यांना घरून काम करता येणार नाही, म्हणजे टपाल नेणारा मुलगा, दूरध्वनी घेणारी ताई, किंवा ज्याच्या घरी रेंजच नाही तो वाळपईचा सहकारी, त्यांचा त्या दिवसांचा पगार कापू नका. कार्यालय बंद असणे हा त्यांचा दोष नाही. आणि घरून काम करणाऱ्या बायकांबाबत एक विनंती करते. घरात बसलेली सून किंवा आई ही सगळ्यांना मोकळीच वाटते. तिला स्वयंपाकघरातून चार हाका येतात. कामाचे तास आधी ठरवून द्या, दोन तासांनी काय पूर्ण व्हायला हवे ते सांगा, आणि दिवसभर कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करू नका. नजर ठेवायची असेल तर कामावर ठेवा.

काकांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. तुमच्याकडे शिकणारी आर्टिकलची मुले असतील, तर हिशेबातली चूक कशी हुडकायची हे ती शेजारी बसूनच शिकतात; फोनवरून ते येत नाही. म्हणून कार्यालय कायमचे घरी नेण्याचा प्रश्नच नाही. काकांना असे सांगा, की समोर बसून केलेल्या कामामुळेच माणसे तयार होतात, आणि अशी तयार झालेली माणसेच आपत्तीच्या दोन दिवसांत घरून विश्वासाने काम करू शकतात.

या सगळ्याला एका पैशाचाही खर्च नसलेला एक उपाय जोडते, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तुमची स्वतःची मुदत १७ तारीख ठरवा. २-बी १४ तारखेला येते, म्हणजे तीन दिवस हातात राहतात, आणि त्यापुढचे तीन दिवस पावसासाठी राखीव. ग्राहकांना मे महिन्यातच पत्र पाठवून कळवा, की पावसाळ्यात बिले ७ तारखेपर्यंत आली पाहिजेत. काही जण कुरकुर करतील, पण गेल्या जुलैची आठवण दिली की ऐकतील. टीडीएस भरण्याची ७ तारीख आणि भविष्य निर्वाह निधीची १५ तारीख यांच्याबाबतही एक-दोन दिवस अलीकडची तारीख धरा.

मग तालीम करा. महिन्याच्या २२ तारखेनंतर, काम हलके असते तेव्हा, एक बुधवार ठरवा. त्या दिवशी कार्यालयाला कुलूप लावा आणि मुख्य स्विचही बंद करा. हे दुसरे महत्त्वाचे आहे, नाहीतर संगणक चालूच राहील आणि तालीम फसवी ठरेल. कोणी कार्यालयात जाऊन कागद आणायचा नाही, शेजारच्या दुकानदाराला «जरा आत डोकावून बघ» असेही सांगायचे नाही. एका ग्राहकाचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत घरून पूर्ण करा, आणि कुठे कुठे अडले ते प्रत्येकाने लिहून ठेवा. आमच्या पहिल्या तालमीत सकाळी अकराच्या आत पहिला फोन आला, तो रबरी शिक्क्यासाठी होता. शिक्का कोणालाच आठवला नव्हता. दुपारी कळले की बँकेच्या व्यवहाराला मान्यता देणाऱ्या भागीदाराचा पासवर्ड त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे. अशा गोष्टी कोणत्याही बैठकीत सुचत नाहीत. त्या कुलूप लावल्यावरच बाहेर येतात. दुसरी तालीम चवथीनंतर घ्या, आणि त्या दिवशी वीज किंवा रेंज गेल्याचे गृहीत धरून दोन माणसांना मुद्दाम बाजूला बसवा, म्हणजे त्यांचे काम दुसरे कोण उचलते ते दिसेल.

तालमीआधी एक कागद छापून प्रत्येकाच्या घरी प्लास्टिकच्या पाकिटात द्या: कोणी कोणाला फोन करायचा, इंटरनेट बंद असेल तर एसएमएसने काय कळवायचे, निर्णय काकांचा आणि ते मिळाले नाहीत तर तुमचा. हीच यादी नुसती व्हॉट्सॲपवर असेल तर गरजेच्या वेळी ती उघडणार नाही. त्या कागदावर ठळक अक्षरांत असेही लिहा, की बँक खाते बदलण्याची किंवा तातडीने पैसे भरण्याची सूचना कोणाच्याही नावाने आली तरी त्या माणसाला त्याच्या जुन्या क्रमांकावर फोन करून आवाज ऐकल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत. कार्यालय विस्कळीत झाले आहे हे भामट्यांना लवकर कळते. ग्राहकांचे आधार आणि पॅन घरातल्या सामायिक संगणकावर उतरवायचे नाहीत, हा नियमही त्याच कागदावर असू द्या. त्या माहितीची जबाबदारी तुमच्यावर आहे.

पहिल्या तालमीच्या दिवशी पहिले विवरणपत्र काकांनाच त्यांच्या घरच्या खुर्चीत बसून तपासू द्या. तुम्ही त्यांच्याशेजारी बसू नका. तुम्हीही आपल्या घरीच राहा आणि त्यांचा फोन येईपर्यंत वाट पाहा. पण ते पुढच्या महिन्यात. या आठवड्यात टोकनांचा खण उघडा, त्यातली नावे मोजा आणि पहिल्या तीन ग्राहकांना फोन करून त्यांचे टोकन न्यायला बोलवा.